आमची खोपोली

अकाउंट्सच्या मॅडमनी दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकाच बिलाच्या दोन प्रती. क्रमांक तोच, तारीख तीच, माल तोच, रक्कमही पैशापर्यंत तीच. एकावर ग्राहकाचा पत्ता मस्जिद बंदरचा, दुसऱ्यावर भिवंडीचा.

“हे बघ गं. मार्चात छापलं तेव्हा मस्जिद बंदर, आज छापलं तर भिवंडी. बिलं कधीपासून घरं बदलायला लागली?”

व्यापाऱ्याने मधल्या काळात गोदाम हलवलं होतं. जागेचे भाव बघता त्यात नवल नाही. आमच्याकडच्या कुणीतरी ग्राहकाच्या नोंदीत नवा पत्ता भरला, आणि त्याची मागची सगळी बिलं निमूटपणे भिवंडीला राहायला गेली.

“मॅडम, उद्या देते करून,” मी म्हटलं. चकाला मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाईतो उत्तर डोक्यात तयारही झालं होतं. बिल बनतं त्याच क्षणी त्या दिवशीचं नाव-पत्ता बिलात उतरवून ठेवायचं. छापताना पुन्हा ग्राहकाला विचारायला जायचंच नाही. फार तर दोन तासांचं काम.

त्याला सात आठवडे लागले.

आमचं सॉफ्टवेअर गोदामांचं आणि मालवाहतुकीचं. वय बारा-तेरा वर्षं, म्हणजे आमच्या धंद्यात ज्येष्ठ नागरिक. जावा या भाषेत लिहिलेलं. त्याचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना आम्ही मोड्यूल म्हणतो: ग्राहक, ऑर्डर, साठा, बिलिंग, वसुली, एजंटांचं कमिशन. एका मोड्यूलला दुसऱ्याची गरज लागली की फळ्यावर पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा. बिलिंगला ग्राहक लागतो, कारण बिल कुणाच्या तरी नावाने फाडायचं असतं. तेव्हा एक बाण बिलिंगकडून ग्राहकाकडे. इथवर सगळं सरळ. पण आमच्याकडे ग्राहकाकडूनही एक बाण बिलिंगकडे जात होता. वसुली बिलिंगवर टेकलेली होती, आणि ग्राहकाची उधारीची मर्यादा ठरायची वसुलीच्या नोंदींवरून. म्हणजे ग्राहकाला वसुली लागते, वसुलीला बिलिंग, बिलिंगला ग्राहक. बिलिंगमधली एक ओळ बदलून तेवढंच तपासून बघू म्हटलं तर ग्राहक उभा करा, ग्राहकासाठी वसुली उभी करा, वसुलीसाठी पुन्हा बिलिंग, जे अजून मोडलेल्या अवस्थेत माझ्यासमोर पडलंय. एक टाका उसवायला घेतला की अख्खी गोधडी हातात.

आपल्याकडे यावर म्हण आहेच. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. मुंबईत भाड्याच्या खोलीपासून सुरुवात केलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. बँकवाला पत्त्याचा पुरावा मागतो, पुराव्यासाठी भाडेकरार लागतो, आणि घरमालक म्हणतो की आधी बँकेचा चेक आणा, मग करार करू.

माझी मावशी दादरच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची. एका रविवारी तिच्याकडे जेवताना मी हे रडगाणं गायले. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, “दोघंच एकमेकांवर टेकलेत की मध्ये तिसरा पण आहे?” तिसरा आहे म्हटल्यावर म्हणाली, “मग तो चक्रक.” न्यायशास्त्रात तर्काच्या दोषांची नावं आहेत. स्वतःचा आधार स्वतःच असेल तर आत्माश्रय. दोघांचा एकमेकांना असेल तर अन्योन्याश्रय. तिघं किंवा जास्त असून फिरून पहिल्यापाशी येत असेल तर चक्रक. आणि आधाराला आधार, त्यालाही आधार, असं संपतच नसेल तर अनवस्था. मी जेवण अर्धवट टाकून हे लिहून घेतलं. आमच्याकडे या सगळ्याला सरसकट ‘सर्क्युलर डिपेंडन्सी’ म्हणतात आणि वर ‘नंतर बघू’ म्हणतात.

कोणती ओळ कुणी, कधी लिहिली हे आमच्या व्यवसायात कायमचं नोंदलेलं असतं. ग्राहकाकडून बिलिंगकडे जाणारा पहिला बाण शोधला. २०१४ सालचा, एका शुक्रवारी संध्याकाळचा. ग्राहकाच्या पानावर त्याची थकबाकी दिसली पाहिजे, अशी मागणी विक्रीवाल्यांनी केली होती. मागणी रास्त होती. माणूस फोनवर नवी ऑर्डर देतोय आणि मागचे किती पैसे अडकलेत हे समोरच्याला दिसू नये, हा काय धंदा झाला? एका ओळीचं काम. ओळीपुढे नाव माझं.

तेव्हाची मी काही मूर्ख नव्हते, हे माझं मत अजूनही कायम आहे. वर्तुळं मूर्खपणातून होत नाहीत, शेजारधर्मातून होतात. जरा साखर द्या, जरा किल्ली ठेवा, पोरगं शाळेतून आलं की बसवून घ्या. यातली एकही गोष्ट चूक नाही. प्रत्येक बाण ज्या दिवशी काढला त्या दिवशी बरोबरच असतो. वर्तुळ बंद करणारा शेवटचा बाणसुद्धा आधीच्या बाणांसारखाच दिसतो, साधा, उपकार केल्यासारखा. त्याच्यावर वेगळी खूण नसते.

पण मेव्हनने, म्हणजे आमचे तुकडे जोडून देणाऱ्या साधनाने, तेव्हा अडवलं कसं नाही? अडवलं होतं. एकमेकांवर अवलंबून असलेली मोड्यूलं मेव्हन बांधूनच देत नाही. कुणाला आधी बांधायचं हेच त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो हात वर करतो. गो भाषाही अशीच कडक आहे, तिथे तर कंपाइलरच, म्हणजे कोड यंत्राला कळेल असा करून देणाराच, नकार देतो. मग मी त्या शुक्रवारी काय केलं असेल? नकार देणाऱ्याच्या नजरेआड केलं. थकबाकी, पत्ता, उधारीची मर्यादा, ज्या ज्या गोष्टी अडत होत्या त्या सगळ्या उचलून ‘कॉमन’ नावाच्या तिसऱ्या मोड्यूलमध्ये ठेवल्या. एकाच मोड्यूलच्या पोटात फायलींनी एकमेकींच्या गळ्यात गळे घातलेले जावाला चालतात, तो त्या सगळ्या एकदम कंपाइल करतो. मेव्हनला वर्तुळ दिसेनासं झालं. वर्तुळ होतं तिथेच होतं.

आमची परळची खोली दहा बाय बाराची. तिला पोटमाळा होता. वर चढून सरळ बसता यायचं नाही, वाकूनच सरकावं लागायचं. कुठे ठेवायचं हे कळत नसलेली प्रत्येक वस्तू तिथे जायची: गणपतीची मखर, आजोबांचा गिरणीतला डबा, फुटकी बादली, माझी दहावीची पुस्तकं. काढताना मखर ओढली की बादली खाली यायची. दर मोठ्या प्रकल्पात एक ‘कॉमन’ असतो आणि तो हाच पोटमाळा असतो. कुणी त्याला ‘युटिल’ म्हणतं, कुणी ‘कोअर’, पण आतला वास तोच. अमुक ठिकाणी बदल केला म्हणून भलतीकडे काय पडलं, याची आमच्याकडची अर्धी उत्तरं कॉमनमध्ये सापडायची.

लपवायच्या आणखीही रीती आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या मी सगळ्या वापरल्यात. क्लासचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव थेट न लिहिता अक्षरांच्या माळेत लिहायचं आणि चालताना शोधायचं, की तपासणाऱ्या साधनाला काही दिसत नाही. सगळ्यात वाईट प्रकार डेटाबेसचा. बिलिंग ग्राहकाला काही विचारतच नाही, गुपचूप त्याच्या टेबलातून वाचून घेतं. फळ्यावर बाण नाही. पण ग्राहकवाल्यांनी टेबलातल्या एका रकान्याचं नाव बदललं की रात्री दोनला बिलिंग कोसळतं. भिंतीतून काढलेली चोरटी वायर. मीटरवर दिसत नाही, शॉक मात्र लागतो.

२०२३च्या पावसाळ्यात या सगळ्याला वाचा फुटली, तीही दुसऱ्याच कारणाने. आम्ही स्प्रिंग बूट वापरतो. सॉफ्टवेअर सुरू होताना कुठली वस्तू आधी बनवायची, कुणाच्या हातात काय द्यायचं हे तो बघतो. नोव्हेंबर २०२१मध्ये त्याची २.६ आवृत्ती आली आणि तिने एक सवय बदलली. आधी दोन वस्तू एकमेकींसाठी अडून बसल्या तर बहुतेक वेळा स्प्रिंग मध्यस्थी करायचा. पहिली अर्धवट बनली असतानाच तिची ओळख दुसरीच्या हाती द्यायचा, आणि दुसरी पूर्ण झाली की पहिली पुरी करायचा. साखरपुड्यालाच सून घरी आणून तिच्याकडून स्वयंपाक करून घेण्यातला प्रकार. जमतं बहुतेकदा. नाही जमलं तर अर्धवट वस्तूला काम सांगितलं जातं आणि जे व्हायचं ते होतं. २.६पासून हे आपोआप होणं बंद झालं. आता तो सुरूच होत नाही. वर टर्मिनलवर त्या वर्तुळाचं चित्र काढून दाखवतो. आडव्या-उभ्या रेघांची एक चौकट, आत एकाखाली एक नावं, एका बाजूने खाली जाणारा बाण, दुसऱ्या बाजूने वर येणारा. त्या पावसाळ्यात आम्ही ही आवृत्ती घेतली, तेव्हा आमच्या चौकटीत अकरा नावं होती. स्क्रीनवर मावली नाही, सरकवून बघावी लागली.

सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली की वर्तुळांना पुन्हा मुभा मिळते. ती ओळ इंटरनेटवर पहिल्या उत्तरातच सापडते. टीममधल्या सगळ्यात लहान पोराने पाच मिनिटांत ती लिहिलीही. “ताई, झालं चालू.” मी तिला हात लावला नाही. बाहेर प्रचंड पाऊस होता, सगळ्यांना घरी पोचायचं होतं.

मॅडमचं बिल त्यानंतर काही महिन्यांनी आलं. तेव्हा मात्र पळवाट उरली नाही.

गंमत अशी की वर्तुळ सापडायला काही लागत नाही. रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिलं की बाणांच्या जाळ्यातून एकदाच फेरी मारून एकमेकांत अडकलेले सगळे गट वेगळे काढता येतात. जाळं कितीही मोठं असो, बाण जितके तितकंच काम. त्याच वर्षी रिचर्ड कार्पने अवघड प्रश्नांची जी प्रसिद्ध एकवीसची यादी केली, तिच्यात हाही प्रश्न आहे: कमीत कमी किती बाण तोडले तर एकही वर्तुळ उरणार नाही? त्याची झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. टीममधल्या त्याच पोराने जाळं काढून दिलं, कुठला बाण तोडला की जास्त वर्तुळं सुटतात तेही मोजून दिलं. त्याच्या हिशेबात सगळ्यात फायद्याचा होता बिलिंगकडून ग्राहकाकडे जाणारा बाण. आणि इथे मी अडले. बिल ग्राहकाशिवाय कसं होईल? तो बाण तर खरा आहे. मग खोटा कुठला?

हे उत्तर मोजून मिळत नाही. मी उठून अकाउंट्सला गेले.

“मॅडम, बिलाला ग्राहक कशासाठी लागतो?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “बिलाला ग्राहक नाही लागत. बिलाला त्या दिवशीचं नाव, त्या दिवशीचा पत्ता आणि जीएसटी नंबर लागतो. जीएसटीचा नियम ४६ वाच. नंतर ग्राहक कुठे जातो, मरतो, जगतो, बिलाला काय त्याचं? बिल म्हणजे फोटो गं. माणसाचे केस पांढरे झाले म्हणून आपण लग्नाचा अल्बम बदलतो का?”

मी तिथेच खुर्चीत बसले. दहा वर्षं ज्या बाणाला मी खरा समजत होते तोच खोटा होता. बिलिंगला अख्खा, जिवंत, बदलणारा ग्राहक कधीच नको होता. चार ओळी हव्या होत्या, त्याही एकदाच. म्हणजे भिवंडीच्या पत्त्याची चूक आणि आमचं वर्तुळ ही दोन दुखणी नव्हतीच. बिलाने ग्राहकाला धरून ठेवलं होतं म्हणून ते त्याच्याबरोबर फरफटत भिवंडीला गेलं.

तेव्हापासून मला वाटतं की वर्तुळ ही बहुतेकदा कोडची तक्रारच नसते. आपल्याला धंदा नीट कळलेला नाही, हे सांगायची कोडची ती एक पद्धत असते. हे सगळीकडे लागू आहे असा माझा दावा नाही, पण आमच्या सहा वर्तुळांपैकी चार अशीच निघाली.

थकबाकीचा माझा शुक्रवारचा बाण तर त्याहून सोप्या रीतीने सुटला. थकबाकी ग्राहकाला माहीत असायची काय गरज? ती दाखवायची होती पानावर. पान दोघांच्याही वर बसतं. त्याने ग्राहकाला नाव विचारावं, बिलिंगला थकबाकी विचारावी आणि शेजारी शेजारी छापावी. खालच्या दोघांनी एकमेकांना ओळखायचंच नाही. काम वर ढकलणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती, आणि पहिल्यांदा तीच का सुचत नाही हे मला अजून कळलेलं नाही.

उधारीच्या मर्यादेचं तसं करता येईना. नवी ऑर्डर घेताना ग्राहकाला खरोखरच जाणून घ्यावं लागतं की याने मागे पैसे बुडवलेत का. तिथे बाण उलटा फिरवला. आमच्याकडे याला भारदस्त नाव आहे, पण मी टीमला खुंटी म्हणून समजावलं. ग्राहकाने आपल्या भिंतीला एक खुंटी ठोकायची आणि वर लिहायचं: ‘पैसे देण्याची सवय सांगणारा इथे टांगावा.’ कोण येऊन टांगतो हे भिंतीला ठाऊक नाही. वसुली येते, आपली पिशवी टांगते. आता ग्राहक वसुलीला ओळखत नाही, वसुली ग्राहकाच्या खुंटीला ओळखते. आधी जो बाण ग्राहकाकडून वसुलीकडे जायचा तो आता तिकडून इकडे येतो. यात एक पथ्य आहे, आणि ते न पाळलेलं मी फार ठिकाणी पाहिलंय. खुंटी कुणाच्या भिंतीत ठोकायची? ज्याला गरज आहे त्याच्या. ती वसुलीच्या भिंतीत ठोकली तर ग्राहकाला रोज वसुलीच्या घरी जावं लागेल, म्हणजे केलं काय आणि नाही केलं काय.

कमिशन आणि वसुली यांची मात्र सरळ एकच चूल केली. एजंटाचं कमिशन वसूल झालेल्या पैशावर, आणि वसुलीचा हप्ता कमिशन वजा करून. ही दोन घरं वेगळी होती ती कारण २०१५मध्ये दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळी कामं द्यायची होती. माणसं केव्हाच सोडून गेली, मधली भिंत राहिली. पाडली. आर्किटेक्चरवरच्या चर्चांमध्ये ‘एकत्र करा’ म्हटलं की लोक नाक मुरडतात, जणू तोडणं म्हणजेच प्रगती. मला ते पटत नाही.

डेव्हिड पार्नास नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने १९७९ साली अशा वर्तुळांबद्दल लिहून ठेवलंय की त्यांच्यामुळे सगळं चालेपर्यंत काहीच चालत नाही अशी व्यवस्था तयार होते. मी ते वाचलं तेव्हा मला कोड आठवला नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवली.

तो सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. करोनाचे दिवस, लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं, आणि त्या गाड्याही रुळांवर उभ्या. आम्ही सगळे घरून काम करत होतो, सर्व्हर मात्र ऑफिसातच एका खोलीत. यूपीएस संपला आणि सगळे एकदम बंद पडले. एकदम, हे महत्त्वाचं. इतक्या वर्षांत आम्ही एकेक सर्व्हर बंद-चालू केला होता. सगळे एकाच वेळी कधीच झोपले नव्हते.

संध्याकाळी वीज आली. ऑफिसात फक्त वॉचमन काका. फोनवर मी आणि खोलीत ते.

“काका, हिरवा दिवा लागला का?”

“हिरवा हाय. पन बाजूचा पिवळा लुकलुकतोय.”

रात्रीचे अकरा वाजले तरी पिवळा लुकलुकतच होता. आमच्याकडे एक सर्व्हिस लॉगिनची, कोण आत येऊ शकतं ते ठरवणारी. दुसरी सेटिंगची, कुणाचा डेटाबेस कुठे आहे हे सांगणारी. लॉगिन उठल्या उठल्या सेटिंगला विचारते, माझा डेटाबेस कुठाय? आणि सेटिंग म्हणते, आधी लॉगिनकडून परवानगी आण, मग सांगते. सेटिंगला असं कुलूप लावायचा निर्णय आमचाच, आणि सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. दोघींपैकी एक कायम जागी असायची, म्हणून वर्षानुवर्षं काही अडलं नाही. त्या रात्री दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना म्हणत होत्या, आधी तू उघड.

बाबा सोफ्यावर रेडिओ कानाला लावून बसले होते. विजेच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्यासाठी तो दिवस म्हणजे जुनी सासुरवाडी भेटायला आल्यासारखा. शहराला बाकीच्या जाळ्यापासून तोडून आपल्याच वीजकेंद्रांवर चालू ठेवायची सोय मुंबईसाठी केलेली आहे, आयलंडिंग म्हणतात तिला. ती त्या दिवशी टिकली नाही, याचं त्यांना वैयक्तिक वाईट वाटत होतं. माझं पुटपुटणं त्यांनी थोडा वेळ ऐकलं.

“तुला माहितीये, बंद पडलेलं औष्णिक केंद्र चालू करायला काय लागतं?”

“कोळसा?”

“वीज.” ते हसले. “कोळसा दळायला गिरणी, भट्टीत हवा मारायला पंखे, पाण्याला पंप. सगळं विजेवर. वीज बनवायला आधी वीज पाहिजे.”

“मग पहिली कुठनं आणायची?”

“डोंगरातून. मुळशीचं पाणी, वळवणचं पाणी वर उभंच असतं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. झडप उघडायला थोडं तेल, थोडी बॅटरी, बस. पाणी खाली आलं की चाक फिरलं. ती वीज न्यायची औष्णिक केंद्राच्या दारात. त्याचे पंखे फिरवायचे, मग ते उठतं. ब्लॅक स्टार्ट. खोपोली १९१५ची आहे बाई, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. जुनी म्हणून हसू नकोस.”

मी हसत नव्हते. मी उठून लॅपटॉपकडे गेले. आम्हाला हुशार काही नको होतं, कुणालाही न विचारता उठणारं काहीतरी हवं होतं. लॉगिनच्या सर्व्हरवर एक साधी फाइल हाताने लिहिली. आत दोन ओळी: डेटाबेसचा पत्ता आणि त्याची किल्ली. लॉगिनला सांगितलं, उठताना सेटिंगकडे जाऊ नकोस, ही फाइल वाच. लॉगिन उठली, तिने सेटिंगला परवानगी दिली, सेटिंगने बाकीच्यांना पत्ते दिले. पावणेदोन वाजता काका म्हणाले, “म्याडम, पिवळा गेला.”

फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवली त्याला नाव काय द्यावं हे रात्री दोनला सुचेना. ‘खोपोली’ टाइप केलं.

बिलाच्या सात आठवड्यांनंतर आता आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे तुकडे बांधून तपासायच्या टप्प्यात, एक राखणदार बसवलाय. आर्कयुनिट नावाचं साधन आहे, त्यात ‘वर्तुळ नको’ हा नियमच टेस्ट म्हणून लिहिता येतो. जुनी वर्तुळं तो गोठवून एका यादीत ठेवतो, त्यांच्यावर ओरडत नाही. नवं झालं तर बिल्ड थांबवतो. यादीत अजून दोन उरलीत. त्यातलं एक मी मुद्दाम ठेवलंय, ते मोडायचं तर वाहतुकीचा अख्खा हिशेब पुन्हा लिहावा लागेल आणि त्याचा त्रास आजवर कुणाला झालेला नाही. पोराने स्प्रिंगमध्ये लिहिलेली ती मुभेची ओळ मात्र मी स्वतः पुसली. पोटमाळा अजून आहे, निम्मा रिकामा.

मागच्या आठवड्यात टीममध्ये एक नवी मुलगी आली. तिने माझ्याकडे तपासायला बदल पाठवला: खोपोली फोल्डरमधल्या फाइलीत तिसरी ओळ. ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हिसचा पत्ता. सोबत टीप, ‘इथून वाचणं सोयीचं पडेल.’

मी तिला बोलावलं. “ही ईमेलवाली सर्व्हिस उठताना कुणाला विचारते गं?”

“सेटिंगला.” मग थोडं थांबून, “आणि सेटिंग लॉगिनला.”

“आणि लॉगिन उठताना या फाइलीतली कुठलीही ओळ चालत नसेल तर?”

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, काढते मी ती ओळ.” आणि जाता जाता, “पण खोपोली का?”

“बस,” मी म्हटलं. “चहा मागवते.”